कोपनहेगनशी पुण्याचे जुने येणेजाणे

युरोपच्या उत्तरेकडचे देश पाहून आलेला एखादा तरी नातेवाईक आता पुण्यातल्या पुष्कळ घरांत असतो. फराळाला तो आला म्हणजे चकलीबरोबर त्याची छायाचित्रेही पाहावी लागतात, आणि कोपनहेगनची पाळी आली की तो हटकून एकच तक्रार करतो. ती जलपरी अगदीच लहान आहे हो! तक्रार खरी आहे. हान्स अँडरसनच्या १८३७ सालच्या कथेवरून एडवर्ड एरिकसन या शिल्पकाराने केलेली ती ब्राँझची मूर्ती उंचीला जेमतेम सव्वा मीटर भरते. १९१३ पासून ती बंदराच्या कडेला एका खडकावर बसून आहे. १९६४ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये कोणा माथेफिरूंनी तिचे डोकेदेखील कापून नेले होते. ते पुन्हा बसवावे लागले. जगभरची माणसे येतात, तिच्याबरोबर आपली छबी काढून घेतात, थोडी हळहळतात आणि बसमध्ये जाऊन बसतात.

या शहराशी आपल्या पुण्याचे आणि एकूणच मराठीचे काही जुने देणेघेणे आहे, हे मात्र त्या बसमध्ये कोणी सांगत नाही. सांगणाऱ्याचा दोष नाही. तो बिचारा राजवाड्यातले पहारेकरी कधी बदलतात आणि दुपारचे जेवण कोठे आहे एवढे सांगतो. म्हणून आपण हे शहर जरा आपल्या वाटेने पाहू. वाट थोडी आडवळणाची आहे. ती हुगळीवरून, डोंगरीच्या तुरुंगातून आणि हिंगण्याच्या माळावरून जाते.

कोपनहेगनला तेथले लोक आपल्या बोलीत ‘क्योबेनहाउन’ असे काहीसे म्हणतात. अर्थ साधा आहे : व्यापाऱ्यांचे बंदर. ११६७ च्या सुमारास अबसालोन नावाच्या बिशपने येथल्या कोळीवाड्याशेजारी एक गढी बांधली, तेथपासून या गावाचा इतिहास धरतात. हा अबसालोन लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. आज तेथे गेलेला प्रवासी ज्या नीहाउनच्या कालव्याकाठी रंगीत घरांसमोर उभा राहतो, तो कालवा १६७० नंतरच्या दोनतीन वर्षांत खणला गेला, गलबते थेट बाजारपेठेपाशी आणता यावीत म्हणून. पुढे याच कालव्याकाठी अँडरसन वेगवेगळ्या काळी तीन निरनिराळ्या घरांत राहिला. दुसऱ्या बाजूला, राजवाड्याच्या बेटावर, चौथ्या क्रिस्तियान राजाने सतराव्या शतकात बांधलेला व्यापारी सट्टा होता. त्याच्या शिखरावर चार मकरव्यालांच्या शेपट्या एकमेकींत पिळून वर गेलेल्या होत्या. १६ एप्रिल २०२४ रोजी, दुरुस्तीचे काम चालू असताना, त्या इमारतीला आग लागली आणि ते शिखर भर सकाळी कोसळले. गावातले लोक धावले आणि आतली जुनी तैलचित्रे खांद्यावर घालून बाहेर आणू लागले. १८२८ साली आपला शनिवारवाडा जळाला. त्या आगीतून उरलेल्या जोत्यांवर आपण अजून संध्याकाळी फिरायला जातो. डेन लोकांनी मात्र त्याच वर्षी पुनर्बांधणीला हात घातला.

याच चौथ्या क्रिस्तियानने १६१६ साली हिंदुस्थानच्या व्यापारासाठी कंपनी काढली. योगायोग असा, की त्याच साली इकडे गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. भाषा मराठी, पण लिपी रोमन. १६२० साली डेन लोकांनी तंजावरच्या नायकाकडून तरंगमबाडी हे समुद्रकाठचे गाव मिळवून तेथे किल्ला बांधला, आणि १७५५ साली बंगालमध्ये हुगळीकाठी श्रीरामपूर येथे वखार घातली. हे श्रीरामपूर म्हणजे आपले साखर कारखान्यांचे नव्हे. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत आणि डेन लोकांनी आपल्या राजाच्या नावावरून त्याचे नाव ‘फ्रेडरिक्सनगर’ ठेवले होते. फ्रेडरिकचे ‘नगर’! असला समास फक्त व्यापारीच करू जाणे.

आता मराठीचा संबंध. इंग्रज कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या वादाने लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल ही भीती. तेव्हा विल्यम केरी आणि त्याचे सोबती १८०० च्या आरंभी डॅनिश गव्हर्नर ओले बी याच्या आश्रयाला श्रीरामपुरास गेले आणि तेथे त्यांनी छापखाना घातला. पंचानन कर्मकार नावाच्या बंगाली कारागिराने देवनागरीचे खिळे पाडले. केरीला फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायची होती, शिकवायला पुस्तक नव्हते. वैजनाथ पंडिताला हाताशी धरून त्याने मराठी भाषेचे व्याकरण रचले आणि ते १८०५ साली श्रीरामपुरास छापले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात ज्या पुस्तकाचे नाव आरंभीच येते, ते असे डेन्मार्कच्या निशाणाखाली निघाले.

त्या वर्षी पुण्यात काय होते? दुसरा बाजीराव होता, आणि छापखाना नव्हता. छापण्याची इच्छा मात्र अगदीच नव्हती असे नाही. नाना फडणिसांच्या काळात गीता छापण्याचा एक उद्योग पुण्यात सुरू झाला होता. तो मागे पडला आणि अखेर १८०५ सालीच मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. एकाच वर्षी मिरजेत पत्रे आणि श्रीरामपुरात खिळे! पत्रा एका पानापुरता उपयोगी, खिळे सोडवून पुन्हा जुळवता येतात. सारा फरक एवढ्यात आला.

डेन्मार्कने हे मराठीवरच्या प्रेमाने केले असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. इंग्रजांची थोडी खोड काढावी आणि आपली वखार गजबजती राहावी, एवढाच गव्हर्नराचा हेतू असला तरी पुष्कळ झाले. १८४५ साली त्यांनी श्रीरामपूर आणि तरंगमबाडी ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. हिशेबी माणसे! पण त्यांच्यातच रास्मुस रास्कसारखा एक विद्वान निघाला. तो १८२० साली इराणमार्गे मुंबईस आला आणि पारशी धर्मग्रंथांची जुनी हस्तलिखिते मिळवून १८२३ साली कोपनहेगनला परतला. पुढे वेस्टरगार्डने तेथे अवेस्ताची संशोधित आवृत्ती काढली, फाउसबोलने धम्मपद आणि जातककथा पाली भाषेतून छापल्या, आणि सोरेन्सनने महाभारतातल्या नावांची ती प्रचंड सूची केली. मुंबईच्या छापील महाभारताशी ताडा घालून केलेली ही सूची १९०४ पासून खंडशः निघाली, आणि भांडारकर संस्थेच्या वाटेने जाणाऱ्या महाभारताच्या अभ्यासकाला ती अनोळखी नाही. एवढ्याशा देशाला एवढा उद्योग कोणी सांगितला होता? पण सांगून होणाऱ्यातला तो उद्योगच नव्हे.

आजचे शहर पाहताना दोन गोष्टी पुणेकराला टोचतात. पहिली म्हणजे सायकली. मंत्र्यापासून बाळंतिणीपर्यंत सारे गाव सायकलवर. सायकलींचे शहर हे बिरुद एके काळी आपलेही होते. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी घंट्यांचा किणकिणाट ऐकलेली माणसे अजून हयात आहेत. दुसरी गोष्ट पाणी. ऐन बंदरात, इस्लांड्स ब्रुगे येथे, २००२ साली पोहण्याचा तलाव उघडला. तलाव म्हणजे बंदराच्याच पाण्यात तरंगते लाकडी कठडे. पूर्वी त्या पाण्यात गटारे सोडलेली होती. ती बंद केली, पाणी निवळले, आणि लोक उड्या मारू लागले. मुळामुठेच्या पुलावरून नाक धरून जाणाऱ्याने याहून अधिक चौकशी न केलेली बरी.

असो. आता ज्यासाठी एवढे लांब यायचे ते ठिकाण कोपनहेगनच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी आगगाडी पाऊण तासात हेल्सिंगोरला पोचवते. इंग्रजीत याच गावाला एल्सिनोर म्हणतात, आणि एल्सिनोर म्हटल्याबरोबर कॉलेजात शेक्सपिअर वाचलेल्यांचे कान टवकारतात.

येथे समुद्र अगदी चिंचोळा आहे. पलीकडे चार किलोमीटरवर स्वीडन, आणि बाल्टिक समुद्रात जायचे-यायचे तर मोठ्या जहाजांना ही जवळची वाट. डेन्मार्कच्या राजांनी ही अडचण ओळखली आणि १४२९ च्या सुमारास तेथे जकात बसवली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक जहाजाने थांबायचे, माल सांगायचे, पैसे भरायचे. न थांबणाऱ्यासाठी काठावर तोफा होत्या. पुण्याच्या वेशीवरचे जकात नाके ज्यांना आठवतात त्यांना यात अद्‌भुत काही वाटणार नाही. फक्त आपल्या नाक्यावर तोफ नसे. ही जकात १८५७ पर्यंत, म्हणजे सव्वाचारशे वर्षे चालली. तिच्यातून आलेल्या पैशावर दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ ते १५८५ या काळात जो किल्ला उभारला, तो क्रोनबोर्ग. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा वाडा तो हाच.

खुद्द शेक्सपिअर येथे आल्याचा पुरावा नाही. मात्र १५८६ साली इंग्रज नटांची एक टोळी येथे राजाच्या चाकरीस होती आणि तिच्यातले केंप, ब्रायन, पोप हे तिघे पुढे शेक्सपिअरच्या मंडळीत होते. नट मंडळी गप्पा मारतातच. मूळ कथा त्याहून कितीतरी जुनी आहे. १२०० च्या सुमारास साक्सो नावाच्या पंडिताने डेन लोकांचा लॅटिन इतिहास लिहिला, त्यात अमलेथ राजपुत्र येतो; बापाला मारणाऱ्या चुलत्याच्या दरबारात तो वेडाचे सोंग घेऊन राहतो. साक्सोला हा इतिहास लिहायला लावणारा कोण? तोच, कोपनहेगनची गढी बांधणारा बिशप अबसालोन. साक्सोचा राजपुत्र एल्सिनोरचा नव्हे, आणि नाटकातल्यासारखा चुलत्याबरोबर मरतही नाही. चुलत्याला ठार करून गादीवर बसतो. किल्ल्याच्या तळघरात होल्गर नावाच्या वीराचा झोपलेला पुतळा आहे. देशावर संकट आले की तो उठेल अशी लोकांची श्रद्धा. आपल्या मुचकुंदाचा हा उत्तरेकडचा भाऊच.

आता डोंगरीकडे वळू. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि वर्षभरात त्यांच्यावर खटला झाला. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होतो आहे, असे लेख या पत्रांनी छापले, आधार म्हणून मिळालेली पत्रेही छापली. ती पत्रे बनावट निघाली. १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशेएक दिवस काढले.

या तुरुंगात आगरकरांनी जे काम केले ते ‘हॅम्लेट’च्या मराठी भाषांतराचे. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. राजवाड्यात कोंडलेला, वेडा म्हटला गेलेला राजपुत्र, आणि त्याच्याभोवती कारस्थानी दरबार, या विषयावर लिहिल्याबद्दल जो माणूस तुरुंगात पडला आहे त्याने तेथे बसून हेच नाटक मराठीत आणावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. डेन्मार्कचा दरबार म्हणजे लांबचा कोणता तरी देश, असे त्या कोठडीत तरी वाटणे शक्य नव्हते. पुस्तक निघाले त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोल्हापूरचे ते दुर्दैवी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत वारले. आगरकरांनी हॅम्लेटचा चंद्रसेन केला, आणि शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशांनी तो चंद्रसेन असा उभा केला की मराठी प्रेक्षकाला कितीएक वर्षे राजपुत्र म्हणजे गणपतरावच दिसत. एल्सिनोर हे ठिकाण असे प्रथम पुण्यात आले. पुणे एल्सिनोरला पोचायला आणखी सेहेचाळीस वर्षे लागली.

ते ज्यांच्या पायांनी पोचले ते धोंडो केशव कर्वे आगरकरांच्याच परिवारातले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर गणिताची जागा रिकामी झाली, आणि गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ च्या अखेरीस कर्वे फर्ग्युसन कॉलेजात आले. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या त्या विद्यार्थिनी. पुढे आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागलो. त्या वेळी कॉलेजचे प्राचार्य होते आगरकर. मुरूडकरांनी अण्णांना वाळीत टाकले, पुण्याने कुजबूज केली, पण नोकरीवरून कोणी काढले नाही, यात प्राचार्यांचा वाटा काय असेल हे सांगायला नको. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर एकोणचाळिसाव्या वर्षी गेले आणि १८९६ च्या जूनमध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग चार मैल तुडवत हिंगण्याला, असा अण्णांचा क्रम होता. चालण्याची त्यांना सवयच. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला भर पावसात शंभराहून अधिक मैल चालत गेले होते, आणि तेथे साहेबांनी ‘तू लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेला बसू दिले नव्हते!

१९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ स्थापले. कल्पना सुचली ती जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका वाचून. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा एक विषय, आणि घर, आरोग्य, बालसंगोपन हेही अभ्यासाचे विषय. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. पैसा आला, मुली आल्या. आली नाही ती सरकारची मान्यता. येथली पदवी घेतलेल्या मुलीला सरकारदरबारी पदवीधर म्हणून स्थान नव्हते. एवढी वर्षे शिकून हाती काय, हा प्रश्न मुलीचा बाप विचारी, आणि त्याला उत्तर देणे कठीण होते.

हे उत्तर शोधत, आणि संस्थेसाठी मदत जमवत, १९२९ च्या मार्चमध्ये एकाहत्तराव्या वर्षी अण्णा विलायतेस निघाले. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या शिक्षक परिषदेला गेले, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणावर बोलले. जुलैअखेर जिनीव्हाला शिक्षणपरिषद होती, तेथे स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदी प्रयोग सांगितला. त्यांची सून इरावतीबाई त्या वर्षी बर्लिनला डॉक्टरेटचा अभ्यास करीत होत्या. सासरा सुनेच्या खंडात मुलींच्या शिक्षणासाठी हिंडत होता असे म्हणायला हरकत नाही. आणि ८ ते २१ ऑगस्ट हे दिवस अण्णासाहेबांनी एल्सिनोरला काढले.

तेथे ‘न्यू एज्युकेशन फेलोशिप’ची जागतिक परिषद भरली होती. देशोदेशीचे हजाराहून अधिक शिक्षक त्या लहानशा गावात गोळा झाले, आणि सभांची एक जागा होती क्रोनबोर्गचा किल्ला. बिअट्रिस एन्सर अध्यक्ष. माँटेसरीबाईंच्या अनुयायांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच वेळी तेथे झाली. मुलाच्या कलाने शिकवावे, छडी टाकावी, घोकंपट्टी थांबवावी, यावर किल्ल्यात खल चालला होता. ज्या अंगणात नाटकातला राजपुत्र काय करावे या विचारात अंक घालवतो, तेथे मुरूडचा हा गणिताचा मास्तर पगडी आणि लांब कोट घालून बसला होता. त्याने आयुष्यात काय करावे याचा विचार एकदाच केला होता.

यजमान देशाचा धडाही अण्णांच्या विषयाशी जुळणारा होता. ग्रुंटविग नावाच्या पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात लॅटिनच्या वर्चस्वाविरुद्ध आवाज उठवला. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या बोलीत, परीक्षेवाचून शिकवा, असा त्याचा आग्रह. १८४४ साली रोडिंग येथे अशी पहिली लोकशाळा निघाली, मग गावोगाव निघाल्या. खुद्द एल्सिनोरला १९२१ साली पीटर मानिके याने सर्व देशांच्या विद्यार्थ्यांसाठी तशीच शाळा काढली होती. ती आजही चालू आहे. मातृभाषेतून शिकल्याने ज्ञान पातळ होते, असे आपल्याकडचे शहाणे अण्णांना सांगत होते. येथे एक देश मातृभाषेतून शिकून दूध, लोणी आणि ग्रंथ तिन्ही उत्तम पिकवत होता. डेन्मार्कच्या स्त्रियांना १८७५ पासून विद्यापीठ खुले होते आणि १९१५ साली मताचा अधिकार मिळाला होता. हिंगण्याचे विद्यापीठ त्याच्या पुढल्याच वर्षीचे. अंतर आपण समजतो तेवढे मोठे नव्हते. फरक होता तो पाठीशी सरकार असण्या-नसण्याचा.

एल्सिनोरहून पुढे अण्णा अमेरिकेस गेले, जपानात ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने हे सारे सुरू केले त्या टोकियोला गेले, आणि १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. त्याच डिसेंबरात आफ्रिकेला निघाले, तेथे पंधरा महिने. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापले आणि पुण्यात पुन्हा वर्गणी गोळा करत फिरू लागले.

कोपनहेगनला जाणाऱ्याने एक दिवस हेल्सिंगोरसाठी राखावा. किल्ल्यात हॅम्लेटच्या प्रयोगांची जुनी छायाचित्रे लावलेली असतात. गणपतराव जोशांचे तेथे शोधू नये. अंगणात उभे राहिले की समोर खाडी आणि पलीकडे स्वीडन दिसते. नाका आहे, जकात नाही. आणि कोणी पुण्याचा म्हणून चौकशी केलीच, तर अण्णासाहेबांच्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ते वर्षही सांगून टाकावे : १९५१. अण्णासाहेब तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते.